एका कार्टनला वीस सेकंद? गोदामातल्या कामाची फोड, मानक वेळ आणि पाळीचं नियोजन

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: भिवंडीजवळ साबण, शॅम्पू, बिस्किटं अशा मालाचं वितरण केंद्र आहे. सॅप ईडब्ल्यूएम (सॅप कंपनीचं गोदाम चालवायचं सॉफ्टवेअर) काही वर्षांपासून चालू आहे आणि आता त्यातलं लेबर मॅनेजमेंट, म्हणजे कामगारांच्या वेळेचा हिशोब ठेवणारा भाग, सुरू केलं आहे. पिकिंगसाठी, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकमधून माल काढायला, ‘एका कार्टनला २० सेकंद’ अशी एकच मानक वेळ भरली आहे. सिस्टम सांगते तेवढी माणसं संध्याकाळच्या पाळीला ठेवली तरी रात्री गाड्या डॉकवर (माल चढवायच्या-उतरवायच्या फलाटावर) अडकतात. पिकर म्हणतात, तुमचे आकडे खोटे आहेत. व्यवस्थापनाला मात्र प्रत्येक पिकरची टक्केवारी भिंतीवर लावायची आहे. शिवाय गाड्या खाली करायचं काम माथाडी टोळीकडे आहे, तिचा वेळ सिस्टममध्ये कुठे बसवायचा तेच कळत नाही.

पिकर बरोबर बोलतायत. सॉफ्टवेअर नीट चाललंय. त्याला दिलेला आकडाच कामाशी जुळत नाही. मानक वेळ ही माणसाची नसते, कामाच्या पद्धतीची असते. आणि त्या पद्धतीतलं प्रत्येक मिनिट कशामुळे तरी खर्च होतं: काही मिनिटं कार्टनमुळे, काही ऑर्डरमधल्या ओळींमुळे (एक वस्तू म्हणजे एक ओळ), काही अंतरामुळे, तर काही ऑर्डर एकाच कार्टनची असो की शंभर, ती उघडायची आणि बंद करायची म्हणून. हे सगळं एका कार्टनच्या डोक्यावर बसवलं की सरासरी कदाचित जुळते, पण एकही ऑर्डर जुळत नाही. नियोजन मात्र आज आलेल्या ऑर्डरींचंच करायचं असतं.

उदाहरण मांडून बघू. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमच्या गोदामात ते मोजूनच घ्यायचे. जमिनीलगतच्या रॅकमधून पॅलेट ट्रॉलीवर कार्टन उचलायचं काम आहे, हातात स्कॅनर आहे. सुरुवातीला रिकामं पॅलेट घेणं, ऑर्डर उघडणं, लेबल लावणं: ९० सेकंद. प्रत्येक ओळीला बिन (रॅकमधला ठरलेला कप्पा) स्कॅन, नग वाचणं, पुष्टी करणं: १२ सेकंद. दहा किलोच्या आतलं कार्टन उचलून पॅलेटवर नीट लावायला ७ सेकंद, त्याहून जड असेल तर १०. चालणं: वळणं आणि थांबे धरून सेकंदाला एक मीटर. शेवटी स्ट्रेच फिल्म गुंडाळून पॅलेट स्टेजिंगला (गाडीत चढवण्याआधी माल ठेवायच्या जागी) सोडणं: १५० सेकंद.

पहिली ऑर्डर २४ ओळी आणि ९६ कार्टनची आहे. त्यातले ६० हलके, ३६ जड, अंतर ४२० मीटर. बेरीज होते ९० + २८८ + ७८० + ४२० + १५०, म्हणजे १,७२८ सेकंद. त्यावर विश्रांती-सवलत १५ टक्के धरली तर ३३ मिनिटं. तुमच्या वीस सेकंदांच्या हिशोबाने ३२ मिनिटं येतात. जवळपास जुळतं. हा आकडा ज्याने काढला त्याने बहुधा अशाच ऑर्डरी बघितल्या असणार.

दुसरी ऑर्डर छोट्या दुकानदारांच्या वाटेची: २४ ओळी, पण प्रत्येक ओळीला एकच कार्टन, १५ हलके आणि ९ जड. अंतर तेवढंच, कारण फिरायचं त्याच २४ जागी आहे. बेरीज १,१४३ सेकंद, सवलतीसह जवळपास २२ मिनिटं. तुमची सिस्टम तिला ८ मिनिटं देते. माणूस व्यवस्थित काम करतोय आणि पडद्यावर त्याची कार्यक्षमता ३७ टक्के दिसते. तिसरी ऑर्डर तीनच ओळींची आहे, कार्टन तेच ९६, अंतर १८० मीटर. खरा वेळ २४ मिनिटांच्या आत, आणि सिस्टम देते ३२. हा माणूस १३५ टक्क्यांवर दिसतो.

आता सांगा, तुमच्या पिकरना कुठल्या ऑर्डरी हव्या असतील? मोठ्या घाऊक ऑर्डरी पटापट उचलल्या जातात, किरकोळ ओळींच्या ऑर्डरी मागे पडत राहतात आणि पाळी संपताना तेवढ्याच उरतात. रात्री डॉकवर अडकलेल्या गाड्यांत कुठल्या ग्राहकांचा माल आहे ते एक आठवडा लिहून बघा. किरकोळ मार्गांच्याच गाड्या जास्त निघाल्या तर कारण हेच आहे.

म्हणून पहिलं काम घड्याळाचं नाही, कामाची फोड करायचं आहे. ईडब्ल्यूएममध्ये त्यासाठी जागा आहे. सिस्टमचे स्वतःचे अंतर्गत टप्पे असतात, आणि त्यांना जोडून तुम्ही तुमचे एक्स्टर्नल प्रोसेस स्टेप ठरवता. टप्पे ठरवताना लोक दोन टोकं गाठतात. एक तर ‘पिकिंग’, ‘पुटअवे’ (आलेला माल रॅकमध्ये लावणं), ‘लोडिंग’ एवढ्या तीनच पेट्या करतात, नाहीतर हाताच्या प्रत्येक हालचालीला वेगळी पेटी. माझा निकष सरळ आहे. दोन कामांत पद्धत वेगळी, साधन वेगळं किंवा वेळ वाढवणारं कारण वेगळं असेल तर टप्पा वेगळा. जमिनीवरचं कार्टन पिकिंग आणि रीच ट्रकने वरच्या रॅकवरून अख्खं पॅलेट उतरवणं हे दोन्ही ‘पिकिंग’च, पण एकत्र ठेवू नका. शॅम्पूच्या सुट्या बाटल्या उचलणं हे तिसरं. शॅम्पू आणि साबण यांचं कार्टन पिकिंग मात्र वेगळं करायचं कारण नाही. वजनाचा गट बदलला की पुरे.

टप्प्याच्या आत मग इंजिनियर्ड लेबर स्टँडर्ड येतं, म्हणजे वेळेची सूत्रं. ठरावीक वेळ, ओळीमागे वेळ, नगामागे वेळ, वजनाची किंवा घनफळाची अट, अंतर, असे घटक सुटे मांडून त्यांची बेरीज घेता येते. वर केलेला हिशोब तसाच्या तसा तिथे बसतो. वेळ शेवटी वेअरहाऊस ऑर्डरवर (एका माणसाला एका वेळी दिलेल्या कामाच्या गठ्ठ्यावर) दिसते, त्यामुळे ऑर्डर बनवण्याचा नियम बदलला तर वेळही बदलते. पूर्वी २४ ओळींची एक ऑर्डर होत होती आणि कुणीतरी नियम बदलून बारा-बाराच्या दोन केल्या, तर सुरुवात-शेवटाचे २४० सेकंद दुप्पट झाले. हे काम खरंच वाढलेलं आहे, सिस्टमने उगाच वाढवलेलं नाही. नियम बदलणाऱ्या माणसाला हा खर्च दिसला पाहिजे.

चालण्याच्या वेळेवर जरा जास्त बोलतो, कारण कार्टन पिकिंगमध्ये पिकरच्या श्रमाचा मोठा वाटा चालण्यात जातो आणि नेमकी हीच बाजू अनेक ठिकाणी रिकामी सोडलेली असते. अंतर काढायला सिस्टमला प्रत्येक बिनचे एक्स, वाय, झेड निर्देशांक लागतात, शिवाय कुठून कुठे जाता येतं याचं जाळं लागतं. निर्देशांक भरलेच नसतील तर अंतर शून्य येतं आणि पडद्यावर चूक म्हणून काही दिसत नाही. फक्त प्रत्येक ऑर्डरची वेळ कमी येते. जाळं न आखता फक्त निर्देशांक भरले तर सिस्टम सरळ रेषेत मोजते, म्हणजे माणूस रॅकमधून आरपार चालतो असं धरते. समोरासमोरच्या दोन गल्ल्यांमधलं अंतर कागदावर तीन मीटर आणि पायाने साठ मीटर असू शकतं. एकदा टेप घेऊन गल्ल्यांची तोंडं, आडव्या वाटा, एकेरी वाटा, चार्जिंगची जागा आणि स्टेजिंग मोजा. दोन दिवसांचं काम आहे आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडतं.

साधनाचा वेगही साधनाच्या प्रकाराप्रमाणे भरा. कंपनीच्या पत्रकात रीच ट्रकचा जो वेग छापलेला असतो तो मोकळ्या सरळ मार्गावरचा. तुमच्या गल्लीत वळण, समोरून येणारी ट्रॉली, चौकात हॉर्न देऊन थांबणं हे सगळं धरून मिळणारा सरासरी वेग घ्या. मास्ट वर-खाली करायला लागणारा वेळ वेगळा ठेवा. पाचव्या पातळीवरचं पॅलेट आणि पहिल्या पातळीवरचं पॅलेट यांचा वेळ सारखा नसतो.

आता मोजायचं कसं? तुमच्याकडे स्कॅनरच्या नोंदी आहेत, त्यापासून सुरुवात करा, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. दोन पुष्टींमधला फरक म्हणजे कामाचा वेळ असं वरवर वाटतं. त्या फरकात चालणं असतं, वाट बघणं असतं, बिनमध्ये माल नव्हता म्हणून सुपरवायझरला हाक मारणं असतं. शिवाय बरेच लोक माल आधी उचलतात आणि सगळे स्कॅन शेवटी एकदम मारतात. अशा नोंदी ओळखायला सोप्या आहेत: लांबलांबच्या बिनांच्या पुष्टी दोन-तीन सेकंदांच्या अंतराने आलेल्या दिसतात. त्या बाजूला काढा. उरलेल्यांची सरासरी घेण्यापेक्षा मध्यक घ्या, म्हणजे एखाद्या चाळीस मिनिटांच्या नोंदीने आकडा बिघडत नाही. नोंदींवरून तुम्हाला कुठला टप्पा किती वेळ खातो याचा अंदाज येईल. घटकनिहाय सेकंद मात्र गल्लीत उभं राहूनच मिळतात.

गल्लीत उभं राहताना आधी माणसांना सांगा की काय मोजतोय आणि कशासाठी. लपूनछपून मोजलेला आकडा खरा नसतो, आणि विश्वास गेला तो गेलाच. एकाच चपळ पोराला मोजू नका; अनुभवी, मध्यम, सकाळचे, संध्याकाळचे असे वेगवेगळे घ्या. घटकाची सुरुवात आणि शेवट कुठे ते आधी ठरवा, जसं की ‘हात कार्टनला लागला’ ते ‘कार्टन पॅलेटवर सुटलं’. मग रेटिंग: सवयीच्या, दिवसभर टिकणाऱ्या चालीला १०० धरायचं. माणूस घाई करत असेल आणि तुम्हाला ११० वाटलं, तर मोजलेले ६ सेकंद १.१ ने गुणून ६.६ सेकंद ही सामान्य वेळ. हे रेटिंग दोघांनी स्वतंत्र करून ताडून बघावं, कारण सगळ्यात जास्त पक्षपात इथेच शिरतो.

किती वेळा मोजायचं, हे विखुरलेपणावर ठरतं. प्रमाण विचलन सरासरीच्या २० टक्के असेल आणि ९५ टक्के खात्रीने ५ टक्क्यांच्या आत उत्तर हवं असेल, तर साधारण ६४ वाचनं लागतात. १० टक्क्यांची चूक चालत असेल तर १६ पुरतात. विखुरलेपण ४० टक्के निघालं तर आकडे चौपट होतात. पण तेव्हा वाचनं वाढवत बसण्याआधी फोड तपासा. बहुतेक वेळा दोन वेगळी कामं एकाच नावाखाली मोजली जात असतात, उदाहरणार्थ हलके आणि जड कार्टन.

पॅकिंग टेबलसारख्या एका जागी बसून होणाऱ्या, पुन्हा पुन्हा तशाच होणाऱ्या कामाला स्टॉपवॉचपेक्षा एमटीएम किंवा मोस्ट ही हालचालींवरून वेळ काढायची पद्धत बरी पडते. एमटीएम १९४८ पासून प्रसिद्ध आहे. त्यात हालचालींना आधीच ठरलेल्या वेळा असतात आणि एकक असतं टीएमयू, म्हणजे ०.०३६ सेकंद. तिथे रेटिंगचा वाद उरत नाही. सुटा भरलेला कंटेनर खाली करायला मात्र ही पद्धत वापरू नका. तिथली प्रत्येक गाडी वेगळी भरलेली असते.

सामान्य वेळेवर सवलत चढते तेव्हा ती मानक वेळ होते. वैयक्तिक गरजांना ५ टक्के आणि मूळ थकव्याला ४ टक्के हा पाया जगभर वापरला जातो. त्यावर वजन, वाकणं, उभं राहणं, उष्णता यांची भर. भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी जो आत गेला आहे त्याला उष्णतेची भर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मी उन्हाळ्याची सवलत वेगळी ठेवतो आणि तिच्या लागू तारखा लिहून ठेवतो. मार्च ते जून मानक वेळ थोडी जास्त, पावसाळा लागला की परत मूळ. व्यवस्थापक विचारतात की यानं उत्पादकता कमी दिसेल का. कमी दिसेल, आणि तीच खरी असेल. पंखे, वायुवीजन, पत्र्यावर उष्णतारोधक थर यांचा खर्च समर्थनीय आहे की नाही, हेही याच फरकावरून पैशांत मांडता येतं.

वजनाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलतो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या उचलण्याच्या समीकरणात अगदी आदर्श स्थितीतही मूळ मर्यादा २३ किलो आहे. वाकणं, लांबून उचलणं, वारंवारता यांनी ती आणखी खाली येते. आपल्याकडे ५० किलोची गोणी आजही पाठीवर जाते. सूत्रात अशा मालाला जास्त सेकंद दिले म्हणून ते काम सुरक्षित होत नाही. अशा ठिकाणी मानक वेळ बसवण्याआधी पद्धत बदला: पॅलेट, कन्व्हेअर, दोघांनी मिळून उचलणं. वाईट पद्धतीची काटेकोर मानक वेळ काढली की ती पद्धत कायम होते.

दुसरीकडे, ज्या कामाला नगांशी काही देणंघेणं नाही ते मानक वेळेत कोंबू नका. पाळीच्या सुरुवातीची सूचना, बॅटरी बदलणं, झाडलोट, फुटलेल्या मालाची नोंद, ई-वे बिल किंवा बीजक तयार होईपर्यंत भरलेल्या गाडीपाशी थांबणं ही सगळी अप्रत्यक्ष कामं. ईडब्ल्यूएममध्ये त्यांच्यासाठी इनडायरेक्ट लेबर टास्क आहे. प्रकार आठ-दहाच ठेवा, नाहीतर कोणी नोंदवणार नाही. ‘वाट बघणं’ याला मात्र कारणासह वेगळी नोंद असू द्या. माल बिनमध्ये नव्हता, रीच ट्रक आला नाही, कागद आले नाहीत. महिन्याभरात या नोंदी जे दाखवतील ते पिकरचा वेग वाढवून कधीच मिळालं नसतं. बहुतेक गोदामांत वेळ हात संथ आहेत म्हणून जात नाही, हातांना काम वेळेवर पोचत नाही म्हणून जातो.

आता पाळीचा हिशोब. समजा सूत्रं दुरुस्त केल्यावर संध्याकाळच्या पाळीचा एकूण नियोजित भार १३२ मानक तास आला. आठ तासांची पाळी म्हणून १३२ भागिले ८ करून १७ माणसं, हा हिशोब मी पुष्कळ ठिकाणी बघितला आहे. आठ तासांतून अर्ध्या तासाची सुटी काढा: साडेसात. अप्रत्यक्ष कामांची ४० मिनिटं काढा: ६.८३ तास. तुमची माणसं मानकाच्या ९० टक्क्यांवर चालत असतील, तर हाती उरतात ६.१५ तास. १३२ भागिले ६.१५ म्हणजे २२ माणसं प्रत्यक्ष गल्लीत हवीत. गैरहजेरी १० टक्के असेल तर हजेरीपटावर २५. सतरा आणि पंचवीस यांच्यातला हा फरक रोज ओव्हरटाइमच्या रूपाने भरला जातो, आणि दोष मात्र ‘लोक काम करत नाहीत’ म्हणून माणसांवर येतो. थकव्याची सवलत मानकात आधीच आहे, ती इथे परत वजा करू नका. आणि गैरहजेरीचा आकडा गणपती, दिवाळी, लग्नसराई आणि गावाकडच्या पेरणीच्या काळात वेगळा धरा.

एवढ्यानेही भागत नाही, कारण १३२ तास आठ तासांत सारखे पसरलेले नसतात. ठाणे-मुंबईच्या हद्दीत अवजड वाहनांना ठरावीक तासांत बंदी असते, त्यामुळे गाड्या सुटायच्या वेळा तुमच्या हातात नाहीत. ज्या गाड्या बंदी सुरू व्हायच्या आत बाहेर पडायला हव्यात त्यांचं पिकिंग कधी संपलं पाहिजे ते उलट मोजत या आणि भार तासातासाच्या खान्यांत टाका. मग दिसेल की चार ते सात या वेळात जास्त माणसं हवीत आणि नऊनंतर थोडी पुरतात. सगळ्यांना एकाच वेळी बोलावण्यापेक्षा दोन-दोन तासांच्या फरकाने तीन गट बोलावले तर तेवढ्याच माणसांत काम बसतं. जेवणाची सुटीही गटागटाने द्या.

भार आधी कळावा यासाठी ईडब्ल्यूएममध्ये प्रीप्रोसेसिंग आहे. वेअरहाऊस टास्क (माल इथून तिथे हलवायच्या एकेक सूचना) तयार व्हायच्या आधीच, नुसत्या डिलिव्हरीच्या नोंदींवरून तिथे अंदाजी भार निघतो. तो ढोबळ असतो, कारण माल कुठल्या बिनमधून निघणार आणि किती चालावं लागणार हे अजून ठरलेलं नसतं. उद्याची माणसं सांगायला तो वापरा. आज दुपारी माणसं इकडून तिकडे हलवायला प्रत्यक्ष वेअरहाऊस ऑर्डरींवरचा भार वापरा. आणि तुमच्या धंद्यात विक्रीचं लक्ष्य गाठायला महिनाअखेरीला माल लोटला जातो, तेव्हा २६ तारखेच्या पुढच्या आठवड्याचं नियोजन महिन्याच्या सरासरीवर करू नका. मागच्या महिन्यांचे तेच दिवस काढा.

माथाडी टोळीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, पण महाराष्ट्रातल्या गोदामात तो पहिला आहे. सॉफ्टवेअर जिथे घडलं तिथे एक कामगार, एक स्कॅनर, तासाचा पगार ही कल्पना धरलेली आहे. आपल्याकडे अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. नोंदित कामगारांची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीवरचं ठरावीक शुल्क) मालक माथाडी मंडळाकडे भरतो, आणि मंडळामार्फत ती कामगारापर्यंत जाते. दर नगावर, गोणीवर किंवा टनावर ठरलेले असतात, आणि काम टोळीचं असतं. त्यामुळे अनलोडिंगला माणशी मानक वेळ लावून कुणाची कार्यक्षमता काढायला जाऊ नका. त्याला ना हिशोबात अर्थ आहे, ना व्यवहारात. आणि सिस्टममधले सेकंद वापरून ठरलेला दर खाली आणायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल, तर तो आत्ताच बाजूला ठेवा. दर ही वाटाघाटीची गोष्ट आहे, तिला तिची जागा आहे.

पण वेळ मोजायचाच आहे, कारण डॉक अडकून राहतो आणि आतल्या पुटअवेचा भार गाडी कधी मोकळी होते यावर ठरतो. म्हणून अनलोडिंग हा वेगळा टप्पा करा, टोळीला एक प्रोसेसर (सिस्टममधला काम करणारा) म्हणून उघडा आणि घड्याळी वेळ धरा. समजा ३२ फुटी कंटेनरमध्ये १,२०० कार्टन सुटे भरलेले आहेत आणि सहा जणांची टोळी १५० मिनिटांत तो खाली करते. मनुष्य-मिनिटं ९०० झाली, कार्टनमागे पाऊण मिनिट. डॉकच्या नियोजनात १५० घ्या, खर्चाच्या तुलनेत ९००. टोळी आठची केली तर वेळ त्या प्रमाणात कमी होईल असं धरू नका. कंटेनरच्या तोंडाशी एका वेळी दोन-तीनच माणसं नीट काम करू शकतात, बाकीच्यांचा उपयोग डॉकवर पॅलेट लावणाऱ्यांचा वेग सांभाळण्यापुरता. प्रत्येक टोळी-आकाराची वेळ वेगळी मोजा. गाड्यांचे तीन प्रकार पुरतात: पॅलेटवर आलेला माल, एकाच वस्तूचा सुटा माल, अनेक वस्तूंचा मिसळलेला सुटा माल. तिसऱ्या प्रकारात वर्गीकरणाचा वेळ इतका असतो की तो आकडा पुरवठादाराकडे पाठवून भरणीची पद्धत बदलायला सांगावी. हे सगळं मुकादमाबरोबर बसून करा. कुठली गाडी किती वेळ घेईल ते मुकादम दार उघडताच सांगतो. त्याचा अंदाज आणि तुमचं सूत्र दोन आठवडे शेजारी शेजारी लिहा; जिथे फरक पडेल तिथे सूत्रात काहीतरी राहून गेलेलं आहे.

आता वैयक्तिक आकड्यांबद्दल. तुमच्या व्यवस्थापनाला पहिल्या महिन्यापासून प्रत्येक पिकरची टक्केवारी भिंतीवर लावायची आहे असं प्रश्नावरून दिसतं. माझं मत ठाम विरोधी आहे. निदान तीन महिने मानकं फक्त नियोजनाला वापरा. नियोजित आणि झालेला भार टप्प्यानुसार ताडत राहा, माणसानुसार नाही. एखाद्या टप्प्यात सगळेच ७० टक्क्यांवर दिसत असतील तर मानक चुकलंय. सगळेच १३० वर असतील तरी मानक चुकलंय. माणसामाणसांतला फरक बघायला जागा होते ती टप्प्याचा आकडा १०० च्या आसपास स्थिरावल्यावर.

पुढे प्रोत्साहन-भत्ता द्यायचा असेल तर मानक कसं काढलं ते लिहून कामगारांना द्या, त्यांच्या भाषेत. तुमच्या गल्लीत मराठी, हिंदी, भोजपुरी, बंगाली बोलणारी माणसं असतील, त्यांना वाचून दाखवा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून एबी ७०१ नावाचा कायदा मोठ्या गोदामांना हेच करायला लावतो: कामाचा कोटा लेखी कळवायचा, आणि जेवण, विश्रांती किंवा स्वच्छतागृहात जाणं यांच्या आड येईल असा कोटा लावायचा नाही. सॅपच्या मायदेशी, जर्मनीत, कामगारांच्या वर्तनावर किंवा कामगिरीवर देखरेख करू शकणारी यंत्रणा आणताना तिथल्या कामगार-परिषदेला सहनिर्णयाचा हक्क आहे. आपल्याकडे नेमकी अशी सक्ती असो वा नसो, करायला अडचण काहीच नाही. पाणी प्यायला गेलेल्या माणसाचा वेळ ‘रिकामा’ म्हणून लाल दिसता कामा नये. वैयक्तिक गरजांची सवलत आपण मानकात मोजून घातलेली आहे, ती त्याची आहे.

भत्ता ठेवलाच तर त्याला अचूकतेची अट जोडा. चुकीचा माल पाठवला तर तो परत येण्याचा, तपासण्याचा, पुन्हा रचण्याचा खर्च वाचवलेल्या सेकंदांच्या कित्येक पट असतो. वरची मर्यादाही घाला, साधारण १२०-१२५ टक्क्यांवर. त्यापुढे माणूस वेगाने नव्हे, पाठीचं आणि गुडघ्यांचं आयुष्य वापरून पैसे मिळवत असतो.

सुरुवात कुठून करायची? संध्याकाळच्या कार्टन पिकिंगपासून. तुमचा भार तिथेच आहे आणि गाड्याही तिथेच अडकतायत. आधी बिनचे निर्देशांक आणि गल्ल्यांचं जाळं, मग पाच घटकांची फोड, मग मोजणी, मग सूत्र. जुनी वीस सेकंदांची मानक वेळ लगेच काढू नका. दोन आठवडे नवीन सूत्राचा भार बाजूला एक्सेलमध्ये काढून त्या-त्या रात्री खरंच काय झालं त्याच्याशी ताडा, आणि मगच बदला. पुटअवे आणि रिप्लेनिशमेंट (पिकिंगच्या रिकाम्या झालेल्या बिनमध्ये पुन्हा माल भरणं) त्यानंतर. अनलोडिंगच्या वेळा मुकादमाबरोबर समांतर चालू ठेवता येतील.

मानक लागू झाल्यावर त्याच्यावर तारीख, पद्धतीचं वर्णन आणि मोजणाऱ्याचं नाव असू द्या. रॅकची मांडणी बदलली, नवीन ट्रॉल्या आल्या, कार्टनचा आकार बदलला, स्कॅनरच्या पडद्यावर एक पुष्टी वाढली, तर तेवढा घटक पुन्हा मोजायचा. पद्धत बदललेली नसताना, फक्त लोक मानकापेक्षा वेगाने काम करायला लागले म्हणून मानक आवळायचं नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि पाळा. ते एकदा जरी मोडलं तरी पुढच्या मोजणीला कोणीही आपल्या खऱ्या चालीने काम करणार नाही.